वावरातली खापरं आणि जेसीबीच्या आधीचा चर

मागच्या अंकात नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडांवर मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यावर एवढे मेसेज आले की या वेळी चप्पल चावण्यापासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंतचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत, फक्त जमिनीखालचे घेतलेत. नावं कोणाचीच छापत नाही. तिघांनी तर स्पष्टच लिहिलंय, "ताई, गाव कळू देऊ नका, भावकीत लगेच सुरू होईल."

प्रश्न : ताई, आमचं वावर तापीकाठी, शहादा तालुक्यात. पपई आणि केळी. एका कोपऱ्यात जमीन हातभर उंच आहे, माती राखेसारखी, तिथं नांगरट केली की खापरं निघतात, लाल, त्यावर काळ्या रेघा. आजोबा म्हणायचे तिथं जुनं गाव होतं. आता सोलरवाले शिवारातली जमीन भाड्यानं मागताहेत, त्यात तो कोपरा पण जातो. पोरगा म्हणतो सरकारला कळवू, वडील म्हणतात तोंड शिवून बस, कळवलं की जमीन गेली. आते काय करानं?

भाऊ, पहिलं म्हणजे तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. आपल्या जुन्या लोकांनी जमिनीची वाटणीच रंगावर केलेली होती, पिकतं ते काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. ती पांढरी होते कशी, तर शेकडो वर्षं चुलीची राख, शेणाची सारवणं, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडं, उकिरडा हे सगळं एकावर एक बसत जातं आणि काळ्या शिवारात एक फिकट उंचवटा उभा राहतो. म्हणून "हातभर उंच, राखेसारखी माती आणि खापरं" हे तिन्ही एकत्र आले की तिथं कोणीतरी राहत होतं, यासाठी माझी गरज नाही, आजोबा पुरे.

किती जुनं हे मात्र फोटोवरून मी सांगणार नाही, तुम्ही पाठवलेल्या फोटोत तर अर्धा अंगठाच आलाय. एवढं सांगते की लाल खापर, पातळ, काळ्या रंगाच्या भौमितिक रेघा, आणि टिचकी मारली तर खणखणीत वाजतं, असं असेल तर ते जोर्वे प्रकारचं असू शकतं. प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून ते नाव पडलं, तिथं १९५०-५१ ला खोदकाम झालं, आणि ती भांडी साधारण तीन हजार वर्षांपेक्षा जुनी. जाड, चॉकलेटी लेपाचं, त्यावर मासे, जनावरं, बाण असं काही काढलेलं असेल तर ते आणखी मागचं, चार हजार वर्षांच्या आसपासचं, आणि त्याचं नाव तर आपल्याच तापीकाठच्या सावळदा गावावरून पडलंय, सावळदा संस्कृती म्हणतात. पण काळ्या रेघांची खापरं अलीकडच्या कुंभाराची पण असतात, म्हणून घाई नको.

आता वडिलांची भीती. मी त्यांना चूक म्हणणार नाही, कारण आपल्याकडं सरकारी कागद एकदा घरात शिरला की बाहेर निघत नाही हा सगळ्यांचाच अनुभव आहे. पण त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. खापरं सापडली म्हणून जमीन आपोआप संरक्षित होत नाही. त्यासाठी केंद्र सरकारला १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली आधी अधिसूचना काढावी लागते, दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, त्या मुदतीत ज्याचा संबंध आहे त्याला हरकत घेता येते, आणि त्यानंतर जागा राष्ट्रीय महत्त्वाची ठरली तरच ती केंद्राची संरक्षित. मग मात्र २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, हे खरंय, आणि वडिलांनी कुणाकडून तरी ऐकलेलं ते हेच असणार. पण नदीकाठच्या प्रत्येक पांढरीला हे होत नाही हो, झालं असतं तर अर्ध्या खान्देशात कोणाला साधा गोठा बांधता आला नसता.

दुसरी गोष्ट, समजा पुरातत्त्ववाल्यांना वाटलं की तुमच्या कोपऱ्यात एक चाचणीचा चर घेऊन बघू, तर तेही रात्री कुदळ घेऊन येत नाहीत. संरक्षित नसलेल्या जमिनीत खोदायचं तर कलेक्टरला आणि मालकाला आधी लेखी कळवायचं असं त्याच कायद्यात आहे, आणि त्या खोदकामानं पिकाचं, जमिनीचं किंवा उत्पन्नाचं नुकसान झालं तर भरपाई द्यायची हेही आहे. भरपाई वेळेवर मिळते का हे मला विचारू नका, मी कायदा सांगतेय.

आता सोलरचं. इथंच खरी गोम आहे. सोलरच्या पाट्यांचे खांब जमिनीत जातात त्यानं थोडंफार तुटतं, केबलची चारी जाते त्यानं आणखी थोडं, पण सगळ्यात जास्त वाट लागते ती लेव्हलिंगनं. तुमचा हातभर उंचवटा त्यांच्या ड्रॉइंगमध्ये नुसती अडचण आहे, अर्ध्या दिवसात एक मशीन तो सपाट करून माती खालच्या बाजूला ढकलेल आणि विषय संपला. म्हणून मुलाला सांगा, भाडेकराराच्या आधी बोलायचं. करारातच त्या कोपऱ्याचे गुंठे मोजून वगळा, नाहीतर निदान तिथं सपाटीकरण करायचं नाही असं लिहून घ्या. इंग्लंडमध्ये अशा जागी खांब न रोवता पाट्या काँक्रीटच्या वजनावर जमिनीच्या वरच बसवतात, मग खालचं खाली राहतं, आणि कंपनीचं काम पण होतं. इथल्या कंपनीला हे माहीत नसेल असं नाही, त्यांना कोणी विचारलेलं नसतं. आणि करार करायच्या आधी तहसीलदारांमार्फत कलेक्टरला एक साधं पत्र द्या, गट नंबर, कोपरा कुठला, काय निघतं, दोन-तीन फोटो, आणि एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिकच्या ऑफिसला. पोच घ्या. पोच नक्की घ्या.

प्रश्न : माझी लेक इंग्लंडमध्ये असते, त्यांच्या घरामागं गव्हाचं मोठं शेत होतं, तिथं आता बंगले होणार म्हणे. बंगल्यांच्या आधी मशीन आलं आणि अख्ख्या शेतात लांब लांब चर मारले, दोन-तीन माणसं त्यात उकिडवी बसून खुरप्यानं खरवडत होती, काही सापडलं नाही, आठ-दहा दिवसात सगळे चर बुजवून निघून गेले. व्हिडिओ पाठवलाय. आमचे हे म्हणतात एवढे पैसे घालून खड्डे करून परत बुजवायचे, आपल्या ग्रामपंचायतीसारखंच झालं की. खरंच काय असतं हे? (धुळे)

साहेबांना सांगा, ग्रामपंचायत खड्डा बुजवत नाही, तिथं फरक आहे.

व्हिडिओ मी तीनदा बघितला, मला तर एखाद्या लग्नाचा बघावा तसा आनंद झाला. याला चाचणी चर म्हणायचं. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारनं एक मार्गदर्शक धोरण काढलं की जमिनीवर बांधकाम करायला परवानगी मागणाऱ्यानंच आधी जमिनीखाली काय आहे ते स्वतःच्या खर्चानं तपासून दाखवायचं, मग परवानगीचा विचार. त्याआधी व्हायचं काय, तर पाया खोदताना भिंत लागली की धावाधाव, काम बंद, पेपरात बातमी, बिल्डर वैतागलेला आणि पुरातत्त्ववाले रात्री टॉर्च लावून नोंदी घेताहेत. त्यापेक्षा आधीच थोडं खोदून बघू, हा सगळा हिशोब.

आणि हिशोब खरंच गुंठ्यात बसतो बघा. नेहमीचा चर साधारण ३० ते ५० मीटर लांब आणि मशीनच्या बकेटएवढा रुंद, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. ५० गुणिले २, झाले १०० चौरस मीटर, म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा. एक चर एक गुंठा. दहा एकराचं शेत असेल तर ४०० गुंठे, त्यातले दोन ते पाच टक्के उघडून बघतात, चार टक्के धरले तर सोळा चर. चारशे गुंठ्यातले सोळा गुंठे बघून बाकीच्याबद्दल अंदाज बांधायचा, भाताचं शीत दाबून बघतो ना, तसं. फ्रान्समध्ये हाच प्रकार सरकारी संस्था करते आणि तिथं उघडायचं प्रमाण आणखी जास्त, पाच ते दहा टक्के.

चर मनाला येईल तसे नसतात. आधी जुने नकाशे बघतात, विमानातून काढलेले फोटो बघतात. उन्हाळ्यात उभ्या गव्हात खालचा जुना खंदक असेल तिथं ओल जास्त म्हणून पीक हिरवं राहतं आणि खाली भिंत असेल तिथं पीक आधी पिवळं पडतं, वरून बघितलं की अख्खा आराखडा पिकात उमटलेला दिसतो. मग चुंबकीय यंत्र घेऊन शेतात चालत फिरतात, जळलेली माती, भट्ट्या, बुजलेले खड्डे त्यात वेगळे दिसतात. (आपल्याकडं हे यंत्र एवढं सरळ चालत नाही. खालचा काळा बसाल्टच मुळात चुंबकीय असतो, म्हणून यंत्राला सगळीकडंच कुरकुर ऐकू येते.) हे सगळं करूनही खात्री नसते म्हणून चर, आणि जिथं काहीच दिसलं नाही अशा जागीही मुद्दाम काही चर घेतात, नाहीतर आपण आपल्याला पाहिजे तेच बघत बसू.

व्हिडिओत मशीनचं बकेट नीट बघा, त्याला दात नाहीत. सपाट पात्याचं असतं, कारण दातांनी माती उलथते आणि पात्यानं ती पापडासारखी सोलली जाते. वरची कसदार माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, एकत्र करत नाहीत, म्हणजे बुजवताना उलट्या क्रमानं टाकता येते आणि शेतकऱ्याचं वावर नासत नाही. मशीनच्या पुढं एक माणूस बकेटवर डोळे लावून उभा असतो, मातीचा रंग बदलला की हात वर करतो, मशीन थांबलंच पाहिजे. तिथून पुढं खुरपी. बघायचं काय असतं, तर वस्तू नाही, डाग. कधीकाळी कोणी खड्डा खणला, खांब रोवला, चारी काढली तर ती नंतर वेगळ्या मातीनं भरते आणि पिवळ्या जमिनीत काळपट गोल, काळपट पट्टा असा डाग दिसतो. त्या डागाचा अर्धा भाग खणायचा, अर्धा ठेवायचा, म्हणजे मध्ये उभा काप मिळतो आणि थर कसे भरत गेले ते दिसतं. फोटो, चित्र, माप, मातीची पिशवी.

आणि "काही सापडलं नाही" हे तुमच्या लेकीनं बघितलं ते वाया नाही हो. रिकामा चर म्हणजे कागदावर एक ओळ, की इथं उघडून बघितलं, इथं काही नाही, आता बंगले बांधायला हरकत नाही. ज्याला घर घ्यायचंय त्याला आणि बिल्डरला याहून सोयीची बातमी कुठली? सापडलं असतं तर तिथले लोक तेवढाच भाग मोठा उघडून नीट खणतात, नाहीतर नकाशा बदलून त्या जागेवर बाग नाहीतर मुलांची खेळायची जागा ठेवतात आणि खालचं खालीच राहू देतात.

एक मात्र लेकीला सांगा, उघड्या चरात पोरं उतरू देऊ नका. दिसायला एवढासा वाटतो, पण बाजू ढासळली की माणूस निघत नाही. त्यांच्याकडं १.२ मीटरच्या खाली गेलं की बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी कापतात नाहीतर आधार लावतात. आपल्याकडं विहिरीचं आणि पाइपलाइनचं काम करणाऱ्यांना हे सांगितलं तर हसतात, दरवर्षी कुठंतरी माणूस गाडला जातो तरी.

प्रश्न : मी चाळीसगावला बी.ए.ला आहे. आपल्या भागात असं चाचणी उत्खनन झालंय का? आणि धरणं, हायवे होताना आधी कोणी बघत नाही का? सरांनी सांगितलं की आपल्याकडं नियमच नाही.

झालंय ना, तुझ्या तालुक्यातच झालंय. गिरणेच्या काठी बहाळ, तिथं १९५२-५३ ला आणि पुन्हा १९५६-५७ ला भारतीय पुरातत्त्व खात्यानं म. न. देशपांडे यांच्या हाताखाली खोदलं, ताम्रपाषाण, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरायच्या काळापासून पुढची वस्ती मिळाली, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर टेकवाडे, तिथं दफनं मिळाली. राहायचं अलीकडं आणि पुरायचं पलीकडं, मध्ये गिरणा. एकदा एसटीनं जाऊन उभा राहून बघ, पुस्तकात कळत नाही ते तिथं कळतं. पाटणादेवीला तर गेला असशीलच, त्या पाटण्याला १९७२-७३ ला एस. ए. साळींनी खोदलं तर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, त्यातल्या एका कवचावर तर रेघा कोरलेल्या, काळ साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. खान्देशात शहामृग! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते.

तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा, लोक दक्षिण काशी म्हणून जातात, तिथल्या टेकाडात १९५४-५५ ला बी. के. थापर यांनी खोदलं, चार कालखंड एकावर एक. साक्री तालुक्यात कान नदीवर कावठे, तिथं डेक्कन कॉलेजच्या ढवळीकर आणि शिंदे यांनी सावळदा लोकांची वस्ती उघडली, अर्धी जमिनीत खणलेली खड्ड्यातली घरं, वस्ती पसरलेली मोठी पण थर पातळ. हे "पातळ" लक्षात ठेव. प्रकाशासारखं उंच टेकाड कोणालाही दिसतं, ते सपाट करायला पण चार मशीनं लागतात. कावठेसारखी जागा एका खोल नांगरटीत आणि एका लेव्हलिंगमध्ये जाते, आणि गेली हे कळत पण नाही, म्हणून चाचणी चराची गरज खरी तिथं असते, टेकाडाला नाही.

आता तुझ्या सरांचं. बरोबर आहे त्यांचं, सरसकट नियम नाही. धरणांच्या आधी मोठं काम झाल्याची उदाहरणं आहेत, नागार्जुनसागरच्या पाण्यात जाणारं नागार्जुनकोंडा १९५४ ते १९६० सलग खोदलं आणि महत्त्वाच्या वास्तू उचलून टेकडीवर नेल्या. पण ते आधीच माहीत असलेलं मोठं ठिकाण होतं. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण परवानगी मागताना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जो फॉर्म भरतात त्यात १५ किलोमीटरच्या आतल्या संरक्षित जागा विचारतात, म्हणजे ज्यांच्यावर आधीच बोर्ड लागलाय त्या. ज्याच्यावर बोर्ड नाही, ज्याचं नाव फक्त एखाद्या आजोबांना माहीत आहे, त्याचं काय? आणि सोलर पार्कला तर ती परवानगीच लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे, नदीपासून एक-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात रस्ता, एमआयडीसी, सोलर काहीही येवो, मोजणीच्या वेळीच दोन पुरातत्त्वाची पोरं शिवार पायी फिरवावीत आणि पाच-दहा चर घ्यावेत. नवा हायवे होतो तेव्हा सॉइल टेस्टिंगला ठिकठिकाणी बोअर घेतातच ना, ते कोणाला वेडेपणा वाटत नाही.

तुला आवड असेल तर सुट्टीत एवढं कर, तुझ्या गावाच्या शिवारातले पांढरी, गढी, जुनं गावठाण, "रिठं" अशी नावं असलेले गट म्हाताऱ्यांना विचारून एका वहीत लिहून काढ, रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. अर्धं काम तिथंच होतं. खोदायचं मात्र नाही, एक वीतसुद्धा नाही. राज्य सरकारला पण अशा जागी खोदायचं तर केंद्राची मंजुरी लागते, तू कुठं बसतोस.

प्रश्न : वावरातल्या टेकाडात हंडा आहे असं एका जाणत्यानं सांगितलंय, अमावस्येला खोदायचं म्हणतो, एकवीस हजार मागतो. आमच्यात दोन मतं आहेत.

तिसरं मत माझं, त्या जाणत्याला चहा पण पाजू नका. हंडा एवढा नक्की दिसत असता तर तो एकवीस हजारासाठी तुमच्या दारात आला नसता. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, आणि त्यात शेतमालक म्हणून तुम्ही पण अडकाल.

खरंच काही निघालंच तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत पुरलेलं सापडलं तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं, काय, किती, कुठं, कधी. दावेदार कोणी निघाला नाही तर सापडणाऱ्याला तीन भाग आणि जमीनमालकाला एक भाग असं त्यात आहे, आणि सरकारनं ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर वीस टक्के जास्त देतात. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा अशी काशाची चार शिल्पं सापडली, सगळी मिळून साठ किलोच्या वर, आज जगभरच्या पुस्तकात त्यांचे फोटो आहेत. अमावस्या नव्हती, जाणता नव्हता, मूळ खणत होता बिचारा.

प्रश्न : आमच्याकडं पाऊस यायच्या आधी घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती टाकतात, टेकाडातूनच आणतात, वावरात पण खत म्हणून टाकतात. आता तुम्ही म्हणाल हे पाप आहे. (पारोळा)

पाप नाही म्हणणार, माझ्या आजीच्या घराचं धाबं पण असंच होतं, आणि ती माती पाणी धरत नाही म्हणून तर टाकायची. वावरात टाकायचं कारण पण बरोबर आहे, जुन्या वस्तीच्या मातीत राख आणि हाडांमुळं फॉस्फरस भरपूर असतो, पीक उठतं. फक्त एवढं बघा, बैलगाडीनं वर्षाला चार गाड्या नेणं वेगळं आणि आता ट्रॅक्टर लावून ब्रासवर विकतात ते वेगळं. आमच्या ओळखीच्या एका गावात तीन उन्हाळ्यात अख्खं टेकाड गेलं, शेवटी मधोमध एक उभा काप राहिला, त्यात राखेचे थर केकसारखे दिसत होते आणि वर कोणीतरी शौचालय बांधलं. धाब्यावर पत्रा घालायला पैसे नसतील तर आणा बाई माती, पण खणताना मडकं अख्खं निघालं, किंवा दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी निघाली, तर हात काढा आणि कळवा. तशा दोन मडक्यात जोर्वे भांड्यांच्या काळी लहान लेकरं पुरायचे, घराच्या जमिनीतच. पुण्याजवळ इनामगावला अशी कितीतरी मिळालीत.

प्रश्न : मी पोकलेन चालवतो, सध्या नरडाण्याकडं काम चालू आहे. खाली काही जुनं आलं तर मला कसं कळणार? ठेकेदार तर थांबू देत नाही. फोटो पाठवलाय, पिवळ्या मातीत काळा गोल आहे.

दादा, या महिन्याच्या सगळ्या पत्रांमध्ये तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण पहिलं तुम्हालाच दिसणार आहे, मला नाही, कलेक्टरला नाही.

कळण्याचं म्हणाल तर रंग आणि आवाज. काळ्या मातीत एकदम राखाडी किंवा लालसर भाजलेला पट्टा आला, पिवळ्या गाळात काळे गोल एका रांगेत आले (एक गोल म्हणजे काहीही असू शकतं, चार गोल सारख्या अंतरावर म्हणजे खांब), गोटे एका ओळीत बसवल्यासारखे लागले, बकेटला विटांचा करकर आवाज आला, एकाच जागी खापरांचा ढीग आला. काळ्या जमिनीत एक फसगत असते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि वरची बाटलीची काच सुद्धा खोल जाते, म्हणून खोल सापडलं म्हणजे जुनंच असं धरू नका. मशीनला सपाट पातं असेल तर ते लावा, एका वेळी चार बोटं माती सोला, दात लावून ओरबाडू नका.

ठेकेदाराचं मी काय सांगू, तुमची रोजी आहे. भांडू नका. साईटवरच्या इंजिनिअरला फोटो आणि लोकेशन व्हॉट्सअॅपवर टाका, म्हणजे तारीख-वेळेसकट लेखी राहतं, आणि तोच फोटो तलाठ्याला. तेवढा वेळ मशीन दुसऱ्या टोकाला चालवा, काम थांबलं असं पण होत नाही.

तुमचा फोटो बघितला. गोल एकच दिसतोय आणि त्याच्या कडेला तंतू आहेत, मला तरी तो जुन्या बाभळीच्या मुळाचा वाटतोय, खांबाचा नाही. पण डावीकडं फोटो संपतो तिथं अजून एक काळपट काहीतरी अर्धं आलंय. तिकडचा एक फोटो उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आधी काढून पाठवा, जरा लांबून, आणि शेजारी पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे मला माप कळेल.